छपरावरचे बाबा

वारा सुटला की नव्या खोलीच्या छपरावर आवाज यायचा. खट्. खट्-खट्. थोडं थांबून पुन्हा खट्. अगदी कुणीतरी हातोडीने खिळा ठोकतंय असा!

"आले बघ," आई म्हणायची आणि हातातलं काम टाकून वर बघत बसायची.

बाबा जन्मभर लोकांची छपरं घालत आले. शाळेच्या पाटीसारख्या पातळ, काळ्या दगडी पाट्या ओळीने खिळ्यांनी ठोकून केलेली छपरं. घराच्या मागे जोडून काढलेल्या या खोलीचं छप्पर हे त्यांचं शेवटचं काम. ते पुरं झालं आणि महिन्याभरात बाबा गेले. तेव्हापासून हा आवाज! आई त्याच्याशी चक्क गप्पा मारायची. "आज भाजी खारट झाली हं, बोलू नका काही."

भीती वाटायची ती फक्त धाकटीला. घसा मोठा म्हणून घरात तिला 'भोंगा' म्हणत. पण त्या खोलीत शिरताना भोंग्याचीही वाचा बसायची.

मग थोरली तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. पाळणा त्याच खोलीत लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा उठला, वरून एक पाटी घसरत आली आणि उंबऱ्यापाशी खळ्ळकन फुटली. एक धारदार तुकडा दाराच्या लाकडात रुतून बसला. थोरली बाळाला घेऊन नुकतीच आत पाऊल टाकत होती!

"रागावलेत ते," आई पांढरीफटक पडून पुटपुटली. "आपलंच काहीतरी चुकलं."

"वहिनी, दादा नाही, खिळा रागावलाय!" आत्या म्हणाली. ती बाबांच्या पाठची. दोघं एकाच बापाच्या हाताखाली छपरं घालायला शिकलेली. बाळाला बघायला म्हणून आली होती. "भोंगा, शिडी आण."

आई शिडीला आडवी झाली. "त्यांच्या कामाला हात लावायचा नाही! गेलेल्या माणसाच्या चुका काढता?"

"अगं, दादा स्वतः काय करायचा? छपरावर चढला की आधी बोटाने पाटी वाजवायचा. चांगली खणखणते, तडकलेली बदबदते. दोन पाट्यांच्या सांध्यावर वरची पाटी नीट बसलीय का, बघायचा. माझं काम तर किती वेळा उखडून फेकलंय, मुलखाचा खडूस! मग त्याचंच का तपासायचं नाही?"

"कारण उत्तर द्यायला ते नाहीत आता!"

"आणि पुढची पाटी बाळावर पडली, तर उत्तर कोण देणार? तू?"

आई बाजूला झाली.

खालच्या ओळी सुरेख होत्या. आत्या एकेक वाजवत वर गेली आणि आढ्यापाशी पोचल्यावर तिने एक पाटी हलवून पाहिली. मग म्हणाली, "वहिनी, तूच ये वर."

आई पदर खोचून चढली. वरच्या ओळींत खिळे अर्धेच ठोकलेले होते. दोन हवेत तिथे एकच होता. वाऱ्याची झुळूक आली, एक पाटी उचलली गेली आणि खालच्या लाकडावर आपटली. खट्. खट्-खट्. आईच्या बोटांखाली!

आत्याने ती पाटी काढली. खालच्या लाकडावर खिळ्याभोवती हातोडीच्या खुणाच खुणा होत्या. सगळे चुकलेले घाव.

"हात थरथरत होता त्याचा," आत्या हळूच म्हणाली. "कधीपासून गं?"

आईला सांगता येईना. काम चालू असताना ती रोज अंगणातूनच मान वर करून म्हणायची, 'व्वा! दृष्ट लागेल!' शेजारीपाजारीही तेच म्हणायचे. शिडी चढून एकदाही कुणी जवळून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर या खुणा दिसल्या असत्या. आजार तेव्हाच कळला असता, डॉक्टरांकडे नेता आलं असतं!

"मी खालूनच वाहवा करत राहिले," आई हुंदके देत म्हणाली. "आणि ते इथे एकटेच..."

त्याच आठवड्यात वरच्या ओळी काढून आत्याने नव्या घातल्या. तपासायचं काम भोंग्याकडे! ती कान लावून पाट्या वाजवत गेली आणि अडखळली. "आत्या, ही तडकलीय."

"मला शिकवतेस? तीस वर्षं मी..." आत्याने पाटी वाजवली. बद्. "काढ मेली! कान बापावर गेलाय कार्टीचा!"

या वेळी आई खालून नुसती हसली नाही. ती सरसर शिडी चढून वर आली. "वन्सं, खिळा जास्त जोरात बसला म्हणूनच पाटी तडकली ना? दमलात का? हात दाखवा बघू." आणि आत्याचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरून ती कितीतरी वेळ निरखत राहिली.

मित्रहो, आपल्या माणसाचं काम तपासणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. खालून टाळ्या वाजवायला काहीच लागत नाही. माया असेल, तर वर चढून जवळून बघा; आणि तो माणूस आहे तोवर बघा!