विमा कंपनीची विचारपूस

ट्रकवाल्याच्या विम्यातून पन्नास हजार डॉलर आले. व्हरलीनला त्यातून एकच गोष्ट हवी होती, दारापासून खाली रस्त्यापर्यंत लाकडी उतार. ट्रकनं खुबा मोडला तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत होती. दारापुढे नऊ पायऱ्या. केंटकीच्या डोंगरातल्या त्या घरात बाई दीड वर्ष कोंडल्यासारखी पडली होती. सुतार नऊ हजार मागत होता.

वकील टॅकेट सहीचे कागद घेऊन आला. येताना रस्त्यावरच्या तिच्या टपालपेटीतलं टपालही घेऊन आला; पोस्टमन पत्रं तिथेच टाकायचा आणि तिथूनच न्यायचा.

"सोळा हजार माझी फी," तो बुटांकडे बघत म्हणाला. "बत्तीस तुमच्या आरोग्य विम्याचे. दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं होतं ना, ते आता यातून परत घेणार. तुम्हाला दोन."

"अहो, मग पगारातून हप्ते कशाचे कापत होते? माझ्या श्राद्धाचे?"

"जखमी माणसाचं आधी भरून निघावं, अशी इथल्या कोर्टांची रीत आहे, व्हरलीनबाई. पण तुमचा विमा तुमच्या कारखान्यानं दिलेला, त्याला केंद्राचा कायदा. ही रीत लागू नाही."

"भांडलो तर?"

"दोन वर्षं जातील. हरलो तर हे दोनही जातील."

"पण मेल्यांना कळलं कसं, मला ट्रकनं उडवलं ते?"

टॅकेटनं आरोग्य विमा कंपनीचा एक जुना फॉर्म पुढे केला. अक्षर तिचंच. 'इजा कशी झाली?' या प्रश्नाखाली तिनं ट्रकच्या नंबरासकट सगळं लिहिलं होतं, आणि शेवटी, 'विचारपूस केल्याबद्दल आभारी आहे.' कंपनी खुशाली विचारतेय असं वाटलं होतं तिला! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तिनं सही केली. टॅकेट गेला.

टपालात पुन्हा तोच फॉर्म होता. तीन महिन्यांपूर्वी ती बसून घसरत पायऱ्या उतरायला गेली आणि मनगट मोडून घेतलं, त्याबद्दल. 'या इजेला दुसरं कोणी जबाबदार आहे का?'

व्हरलीननं ठसठशीत अक्षरांत त्याच विमा कंपनीचं नाव लिहिलं. पत्तासुद्धा लिहिला. खाली लिहिलं, 'विचारपूस केल्याबद्दल आभारी आहे.' पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. किती दिवसांनी तिला जरा बरं वाटलं. खुर्ची ढकलत ती दारात आली.

टपालपेटी खाली होती, नऊ पायऱ्यांच्या पायथ्याशी.

"टॅकेट! ओ टॅकेट!" ती ओरडली. गाडी केव्हाच वळणाआड गेली होती.