आठ ते आठ, थेल्मा गप्प

एक कुत्रा, सकाळपासून दाराकडे तोंड करून बसलेला. घरातलं माणूस बाहेर गेलंय अशी त्याची पक्की समजूत.

उकडलेले वाटाणे, वर पुदिन्याचं आंबट पाणी.

पोस्टाच्या रांगेतला वाद: दुपारी डुलकीत बरळली तर ते धरायचं का?

नव्वद चेंडू, एकेकावर एकेक आकडा.

रेजी, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच रेडिओ शेवटपर्यंत ऐकणारा.

कारण एकच. यॉर्कशरमधल्या त्या गावात रेजीची बायको थेल्मा गप्प बसली होती.

थेल्माला रक्ताचा कर्करोग होऊन तीन वर्षं झाली होती. ज्या गोळीच्या जिवावर ती हिंडत-फिरत होती, ती गोळी तिची बहीण याच आजाराने गेली तेव्हा निघालीच नव्हती. म्हणून संशोधनासाठी पैसे जमवायचे, हे तिने दवाखान्यात सलाईन चालू असतानाच ठरवून टाकलं. पण त्या गावात नुसतं मागून कुणी देत नाही, काहीतरी करून दाखवावं लागतं. कुणी पळतं, कुणी डोकं भादरून घेतं. थेल्माची हाडं पळू देईनात आणि केस औषधांनी आधीच फुकटात नेले होते. तेव्हा शेजारीण मेव्हिस कुंपणावरून म्हणाली, "तुला जन्मात जमलं नाही ते कर. गप्प बस."

थेल्मा दर शनिवारी क्लबात हाउझीचे, म्हणजे आपल्या तांबोल्याचे, आकडे पुकारायची. आकडा सांगायचा आणि पुढचा चेंडू निघेपर्यंत आपल्या सुनेची गोष्ट अर्ध्यावर आणून ठेवायची. ही बाई सकाळी आठ ते रात्री आठ तोंड मिटून बसणार म्हटल्यावर गावाने हसत हसत आपापली नावं आणि पुढे देणगीचे आकडे लिहून दिले. मेव्हिसने तर सगळ्यांदेखत जाहीर केलं की गाव देईल तेवढेच ती एकटी वर घालेल. मात्र थेल्मा मध्येच बोलली तर कुणाचीच एक पेनी नाही, असा रीतसर ठराव झाला. त्या क्लबात ठरावाशिवाय खुर्चीसुद्धा हलत नाही.

शनिवारी तिला बोलतं करायला अर्धं गाव घरी येऊन गेलं. खाटिक आला आणि तिथल्या बायका अभिमानाने घरी करतात ते यॉर्कशर पुडिंग पाकिटातलंच बरं असतं म्हणाला.

थेल्मा म्हणाली:

 

रेजीने तिच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला. ती घराबाहेर जाऊन एक चक्कर मारून आली.

संध्याकाळी हाउझी. तिच्या जागी कीथ. हा क्लबाचा सेक्रेटरी, आकडे पुकारतो ते मयताची बातमी वाचल्यासारखे. थेल्मा समोर तिकीट आणि वाटाण्याची वाटी घेऊन बसली. आठ वाजायला थोडाच अवकाश होता.

"अकरा," कीथ म्हणाला.

आता इंग्रजी अकरा म्हणजे शेजारी शेजारी उभे दोन सडसडीत पाय. अकरा पुकारला की सगळ्या हॉलने शीळ घालायची, ही तिथली बापजाद्यांपासूनची रीत. पण कीथचा सूरच असा की कुणाला शिळेची आठवण राहिली नाही. त्या शांततेत एकच शीळ वाजली. दोन बोटं तोंडात घालून घातलेली, छपराला जाऊन भिडणारी.

थेल्माची.

बोटं तोंडातच राहिली. बहिणीसाठी केलं आणि सवयीने घालवलं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

मग क्लबात जे व्हायचं तेच झालं. शीळ म्हणजे बोलणं की नाही यावर दोन तट पडले. कुणी पोपटाचा दाखला दिला, कुणी फुटबॉलच्या पंचाचा. शेवटी कीथने निकाल मेव्हिसवर सोपवला. सर्वांत जास्त पैसे तिचे जाणार, तेव्हा तिनेच सांगावं.

मेव्हिसने ग्लास खाली ठेवला.

"तीस वर्षं मी हिच्या भिंतीला भिंत लावून राहतेय. याला जर हिचं बोलणं म्हणायचं असेल, तर मग तीस वर्षं माझी झोप उडवली कुणी? काढ रे, पुढचा आकडा काढ."

हॉल हसला, आणि मग राहून गेलेली अकराची शीळ सगळ्यांनी मिळून घातली. थेल्मा सोडून. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

आठ वाजले. ती उभी राहिली. आता आभाराचं भाषण होणार म्हणून लोकांनी रुमाल काढले.

"कीथ," थेल्मा म्हणाली, "ऊठ तिथून."

पुढचे सगळे आकडे तिने पुकारले. मध्ये खाटकाला पुडिंग कसं करतात ते सांगितलं, सुनेचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं, आणि मेव्हिस कानांवर हात ठेवून खदखदा हसत राहिली.

पैसे मेव्हिसने शुक्रवारीच बँकेतून काढून आणले होते.