भागणारा कोण

माझ्या धाकट्याने, भावेशने, वेगळी चूल मागितली तेव्हा मी उत्तरच दिलं नाही. अख्ख्या मोरवे गावात आमचंच घर असं उरलंय जिथे दोघे भाऊ एका पातेल्यातलं जेवतात. आमचं नाव घेऊन बायका आपल्या सुनांना ऐकवतात. ते नाव मी फुकटात कमावलेलं नाही.

तेव्हा भावेशच्या मुलीने, चांदणीने, मधल्या खोलीत कॉम्प्युटर लावून ठेवला होता. गणपती गेल्यापासून तो घरघरत होता. बंद करायचा नाही म्हणे.

"काय दळतेस एवढं?"

"एक संख्या तपासतेय, आजी. दोनाला दोनाने गुणत खूप लांब जायचं, शेवटी एक वजा करायचा. लिहायला घेतली तर घराच्या भिंती पुरणार नाहीत."

"मग तिचं काय करणार, लोणचं?"

"तिला कुणी भागतं का बघायचं. एक आणि ती स्वतः, एवढे सोडून कुणीच भागत नसेल तर ती मूळ संख्या."

मी दुसरीतून शाळा सोडली, पण हे मला लगेच कळलं. एवढी मोठी, आणि कुणाला भागू देत नाही. देवाला फूल चिकटवून कौल लावतात, तसा मी मनातल्या मनात त्या डब्यालाच कौल लावला. संख्या न भागणारी निघाली, तर घर एकत्र राहील.

मग मला एका जागी बसवेना. घरघर थांबली की भाकरीवरचा हात थांबायचा. भावेशची बायको नीलम, आवाजाने डोकं दुखतं म्हणून बटणाकडे गेली, तर म्हटलं, "हात लाव, आणि तशीच माहेरी जा."

नवरात्राच्या तोंडावर चांदणी म्हणाली, "आजी, मूळ नाही ती. भागली जाते."

"कोण भागतो?"

"ते नाही कळत. कुणीतरी आहे, एवढंच सिद्ध होतं. कोण, ते कदाचित कधीच सापडणार नाही."

"चोरी झाली सांगतेस नि चोर दाखवत न्हाय. कसला तुझा डबा?"

"पण पक्कं आहे, आजी."

त्या दिवशी जेवताना मी एकेकाचं तोंड बघत होते. थोरला बाळाराम मासळीचे काटे काढत होता. भावेशची मान खाली. नीलम मोबाईलमध्ये. थोरली सून पाणी द्यायला उठली, तर मला वाटलं, हीच का? माझ्याच घरात, आणि कोण ते मला कळू नये.

"भावेश," मी म्हटलं, "मागच्या पडवीत चूल मांड."

बाळाराम म्हणाला, "आये, त्याने मागितली म्हणून लगेच?"

"मागितली म्हणून न्हाय. मी देतेय म्हणून. घर कोणी भागलं विचारलं, तर तुमच्या आयेने, द्वारकाने, असं सांगायचं."

मग नीलमने विचारलं, "आणि आई, तुम्ही कुणाकडे जेवणार?"

याचा मी विचारच केला नव्हता.

"ते मी ठरवीन," म्हटलं. अजून ठरवतेय. सकाळी बाळारामकडे बसते, संध्याकाळी पडवीत भावेशकडे, आणि दोन्हीकडे पहिल्या घासालाच उठावंसं वाटतं.