बारावा मजला आधी

"उलटं झालंय, साहेब," लिफ्टमन म्हणाला.

टेबलावरच्या गठ्ठ्यातली पहिली प्रत उघडून, पहिल्याच पानावर बोट ठेवून तो उभा होता. मी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला. शिवण सरळ, पाठ ताठ, पुठ्ठा काटकोनात. चाळीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय, माझ्या दुकानातून उलटं पुस्तक बाहेर पडत नाही. हे मी त्याला जरा चढ्या आवाजातच ऐकवलं.

"बांधणी झकास आहे हो. गोष्ट उलटी लागलीय. बारावा मजला आधी हवा होता, तुम्ही तळमजल्यापासून लावलीत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने लिहिलेल्या कादंबरीची प्रकरणं तेरा, प्रत्येक बरोबर सोळा पानांचं, म्हणजे छापखान्याच्या भाषेत एक फर्मा. पानांवर आकडे नाहीत. फक्त फर्म्याच्या माथ्यावर मजला लिहिलेला: बारा, अकरा, दहा, असं उतरत तळमजल्यापर्यंत. 'बारापासून सुरुवात' अशी चिठ्ठीही त्याने पाठवली होती. ती मी वाचली, खिशात घातली आणि तळमजला, एक, दोन, तीन असे फर्मे रचून शंभर प्रती शिवून मोकळा झालो. लहान आकडा आधी, मोठा नंतर. हातांना दुसरं काही ठाऊकच नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी त्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःच छापायला घेतली होती, आणि शेवटच्या पायरीवर मी माती खाल्ली.

"सगळ्या उसवून पुन्हा शिवून देतो," मी म्हणालो. "पंधरा दिवस द्या."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "तुम्ही वाचलीत का?"

"मी पुस्तकं वाचत नाही. वाचणारा बाइंडर वेळेवर काम देत नाही."

"मग एवढी वाचा. अजून कुणीच पूर्ण वाचलेली नाही. आठ दिवसांनी येतो. कशी झालीय ते खरं सांगा, माझ्या तोंडाकडे बघू नका." गठ्ठ्यातली एक प्रत काखेत मारून तो गेला.

त्या दिवसापासून मी दुपारी जेवण झालं की खुर्चीत बसायला लागलो. बायको दोनदा येऊन बघून गेली. "तब्येत बरी आहे ना? हातात पुस्तक आणि सुई-दोरा कुठे नाही!" मी तिला हाताने गप्प केलं.

मी आधी वाचली ती माझ्या चुकीच्या क्रमाने. मग छापखान्यातून जादा आलेले सुटे फर्मे बारापासून लावून पुन्हा वाचली. दोनशे आठ पानांत एकच फेरी आहे. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, दांड्याने चालणारी. लिफ्टमनची खोली गच्चीलगत, बाराव्या मजल्यावर. एके सकाळी बायकोला श्वास घेता येत नाही. तो तिला आपल्या स्टुलावर बसवतो आणि लिफ्ट खाली न्यायला निघतो. आणि प्रत्येक मजल्यावर घंटा वाजते, कुणाला तरी लिफ्ट हवी असते.

ठरलेल्या दिवशी तो आला. स्टुलाच्या टोकावर अंग चोरून बसला.

"आधी वाईट सांगतो," मी म्हणालो. "स्वल्पविराम एकही नाही. वाचताना दम लागतो. आठव्या मजल्यावर सोळाच्या सोळा पानं तारा, चाकं आणि वजनं आहेत. तिथे मी दोनदा झोपलो. चौथ्यावरचा डॉक्टर नुसता पुठ्ठ्याचा आहे. इतका दुष्ट माणूस मी तरी पाहिला नाही."

"मी पाहिलाय," तो म्हणाला. मग स्वतःच, "पण खरंय. रागात लिहिलं ते."

"आणि आता चांगलं. तुम्ही माणसं त्यांच्या पायांवरून सांगता. कुणाची चप्पल कुठे झिजलीय त्यावरून त्याचं घर कळतं. हे कुठून आणलंत?"

"सत्तावीस वर्षं खालीच बघितलं, साहेब. वर बघितलेलं लोकांना आवडत नाही."

"तिसऱ्या मजल्यावर एक बाई 'थांबा हं, छत्री राहिली' म्हणून परत घरात जाते. तुम्ही दार धरून उभे राहता. छत्री येईपर्यंत सहा पानं. तुमची बायको स्टुलावर, आणि पानांवर फक्त तिचा श्वास, एकेका ओळीत एकेक. ती सहा पानं..." मी उठून पाणी प्यायलो. "इतके फर्मे शिवले, पण असं काही माझ्या हाताखालून गेलं असेल असं वाटत नाही. गेलं असेल तर मी करंटा."

तो शर्टाच्या बाहीने चष्मा पुसत राहिला.

मग मी मनातलं बोललो. "एक विचारू? राहू द्या ना ही अशीच. माझ्या क्रमात तळमजल्यावर ती उठत नाही, तिथे सुरुवात होते. मग लिफ्ट वर वर जाते, तिचा श्वास मोकळा होत जातो, आणि शेवटच्या पानावर ती आरशासमोर उभी आहे. 'थांबा, केस विंचरते' म्हणते. तिथे पुस्तक मिटतं. किती बरं वाटतं!"

"मलाही वाटलं. घरी नेलेली प्रत मी तशीच वाचली." त्याने काखेतली ती प्रत टेबलावर ठेवली. "पण ती खालीच आली ना, साहेब. दांडा माझ्या हातात होता. एकही घंटा न ऐकता सरळ खाली आणता आली असती. घंटा वाजली की हात थांबायचा. तुमचा हात जसा तळमजल्याकडे गेला, तसाच. हे ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लोकांना सांगायला हवं. त्यासाठीच तर लिहिली."

मी पातं काढलं आणि पहिल्या प्रतीची शिवण उसवायला घेतली.

"माझ्याकडची तेवढी राहू द्या," तो उठत म्हणाला. "नव्व्याण्णवच करा."

ती प्रत त्याने काखेत नीट धरली. दारापर्यंत गेला तेवढ्यात समोरून रस्ता ओलांडून एक बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन दुकानाकडे येताना दिसली. बरीच लांब होती अजून.

त्याने दार उघडलं, एका बाजूला सरकला आणि ती पोचेपर्यंत दार धरून, मान खाली घालून उभा राहिला.