माझ्या आवाजाचा सांगाडा

माझ्या मुलाला, प्रणयला, हाडांची जेवढी काळजी आहे तेवढी माणसांची नाही. ऑफिसातून येतो, बूट काढतो, "आई, चहा नको," म्हणतो अन् गॅरेजमध्ये शिरतो. मी चहाचं विचारलेलंही नसतं. मी तोंड उघडायच्या आत नकार हातावर ठेवून हा पसार.

गॅरेजमध्ये गाडी नाही. गाडी बाहेर पावसात भिजते. आत तीन सांगाडे बसतात, खुर्च्यांवर, पायावर पाय टाकून. पोस्टमनने आणले तेव्हा सही मीच केली होती. खोका हलका लागला, मला वाटलं सुनेने पडदे मागवले. उघडून पाहते तर बरगड्या!

"काहून रे, हे काय आणलंस?"

"हॅलोवीन आहे आई, महिन्याच्या शेवटी. मुलं दारोदार येतात. आपण त्यांना घाबरवायचं आणि गोळ्या द्यायच्या."

"आधी घाबरवायचं अन् मग गोळ्या द्यायच्या? आधी घाबरवूच नको ना."

"मजा असते आई त्यात."

माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नाग नदीत सोडले. देवांच्या मागोमाग भुतंही गेली, असं आम्ही समजत होतो. वस्तीत कोणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायला येत. मी जाऊन एक तांब्या थंड पाणी तोंडावर मारायची, की भूत मराठीत माफी मागायचं. अन् त्या सासऱ्यांचा नातू इकडे इंग्लंडात, रीडिंग गावात, दारात भुतं मांडून बसतो. मी हे नागपूरला कोणाला सांगितलं नाही. सांगायचं कोणत्या तोंडाने?

सून, सुनीती, डॉक्टर आहे. तिची नोकरी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात, राहतेही तिकडेच. रजा मिळाली तर रविवारी येते, येऊन झोपते. बिचारीचे डोळेच उघडत नाहीत. म्हणजे घरात माणसं तीन, पण तिघं कधी एका जागी बसलेली मी पाहिली नाहीत. सांगाडे तेवढे रोज बसतात.

दिवसभर मी एकटी. इंग्रजी मला येत नाही, अन् येत नाही याची लाजही वाटत नाही. समोरची गोरी म्हातारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना थंडीबद्दल काहीतरी बोलते, मी मान हलवते. झालं त्या दिवसाचं बोलणं. भाजी चिरताना मी भाजीशी बोलते. एकदा वांग्याला म्हटलं, तू तरी बरा आहेस बाबा, किडका निघालास म्हणून चार शिव्या तरी देता आल्या.

प्रणय मात्र सांगाड्यांना बोलतं करण्यात गुंतलेला. प्रत्येकाच्या जबड्यात त्याने काडेपेटीएवढी मोटर बसवली होती. सर्व्हो म्हणतात तिला. मोटरची वायर कॉम्प्युटरला. आवाज आधी भरून घ्यायचा, मग तो पुन्हा पुन्हा लावून हातातल्या जॉयस्टिकच्या दांडीने जबडा हलवायचा, शब्दाबरहुकूम. कॉम्प्युटर ते हलवणं लक्षात ठेवतो. मग सांगाडा आपला आपण बोलतो. पहिला इंग्रजीत धमक्या द्यायचा, दुसरा नुसता हसायचा. दोन्ही आवाज प्रणयचेच.

एका संध्याकाळी तो स्वतःहून माझ्या खोलीत आला.

"आई, तिसरी म्हातारी आहे. तुझा आवाज देतेस?"

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पण तोंडावर दाखवलं नाही.

"मी भुताची बोली बोलत नाही."

"काहीही बोल. मराठीतच बोल. इथे कोणाला कळणार आहे? उलट जास्त भीती वाटेल."

मला खुर्चीवर बसवलं, पुढे माईक ठेवला. स्वतः कानावर ते मोठे हेडफोन चढवले अन् स्क्रीनकडे तोंड करून बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. इतका जवळ तो किती दिवसांनी बसला होता! मनात आलं, हीच वेळ आहे सिंधूबाई, बोलून टाक. अन् मी बोलले.

"ये पोरा. जेवलास का? दिवसभर मी या घरात भिंतींशी बोलते. तू येतोस अन् त्या हाडांत जाऊन बसतोस. रोज घटकाभर माझ्याजवळ बस. नाहीतर मले नागपूरले धाडून दे. तिथं शशीबाई नळावर भांडते तरी."

प्रणय स्क्रीनवरची हिरवी रेघ पाहत होता. हेडफोन काढले अन् म्हणाला, "वा! एकदम क्लिअर आला. तुझे प आणि ब फार छान आहेत आई, ओठ बरोबर मिटतात."

मी म्हटलं असू दे, थोडा वेळ लागेल. पुन्हा ऐकेल तेव्हा समजेल.

अन् ऐकलं त्याने. रोज ऐकलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची अन् भिंतीपलीकडून माझाच आवाज यायचा, "माझ्याजवळ बस." मग मोटरची गुर्र. मग पुन्हा, "बस." गुर्र. "बस." गुर्र. "बस." मी लाटणं खाली ठेवून वाट पाहायची. आता दार उघडेल, आता येईल. दार एकदा उघडलंही.

"आई, ब ला जबडा उशिरा मिटतोय. तू म्हणताना ओठ कधी मिटतेस ते जरा दाखव. 'बस' म्हण."

"बस," मी म्हटलं.

"हां, असंच," म्हणाला अन् गेला.

त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या. त्याने खाल्ल्या, करपल्यात हेही त्याला कळलं नाही.

हॅलोवीनच्या दिवशी चहाच्या वेळेलाच अंधार पडला. तिन्ही सांगाडे पुढच्या गवतावर मांडले. म्हातारीसाठी त्याने माझी जुनी शाल मागितली. मी दिली, पण बजावून दिली की धुवून परत पाहिजे. मग तो पुढच्या खोलीत पडद्याआड कॉम्प्युटर घेऊन बसला. पोरं फाटकाशी आली की हा बटण दाबायचा. पहिला धमकी द्यायचा, दुसरा हसायचा अन् तिसरीचा जबडा उघडायचा, "ये पोरा. जेवलास का?" पोरं किंचाळत पळायची, मग हसत परत यायची अन् दारात ठेवलेल्या गोळ्या उचलून न्यायची. माझं सगळं दुःख अख्ख्या गल्लीने ऐकलं अन् टाळ्या वाजवल्या. मी माझ्या खोलीच्या खिडकीत बसून पाहत होते. जबडा बाकी असा अचूक हलत होता की मलाच माझं तोंड दिसल्यासारखं झालं.

मग एक बाई आली, जीन्स घातलेली. सोबत काळी टोपी घातलेली मुलगी, पाच-सहा वर्षांची. सांगाडे बोलले. बाकीची पोरं पळाली, ही मुलगी हलली नाही. सरळ गवतावरून चालत म्हातारीपाशी गेली.

"आजी, मी बसते ना," म्हणाली अन् त्या हाडांच्या पायाशी फतकल मारून बसली.

मी उठून उभी राहिले. या गल्लीत मराठी माणूस राहतो?

तिची आई आधी हसली, "पूर्वी, ऊठ गं, कपडे ओले होतील." मग तिचं हसू थांबलं. तेवढ्यात प्रणय बाहेर आला.

"तुम्ही मराठी? मी सुचेता, मागच्याच गल्लीत राहतो आम्ही." मग ती शालीकडे बघत म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही नाही, आई आहे माझी. काहीतरी बोलली असंच."

"असंच?" सुचेता म्हणाली.

प्रणयने शालीकडे पाहिलं. मग आत गेला. बटण दाबल्याचं मला कळलं, कारण बाहेर फाटकाशी कोणी नव्हतं तरी म्हातारी बोलायला लागली. या वेळी कोणाला घाबरवायचं नव्हतं, त्याला नुसतं ऐकायचं होतं. "ये पोरा. जेवलास का?" पासून शशीबाईपर्यंत सगळं बोलून ती मिटली. पूर्वी तिथेच बसलेली, शालीचं टोक हातात धरून.

माझ्या खोलीचं दार वाजलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने दार वाजवलं.

"आई, हे तू केव्हा म्हणालीस?"

"तुझ्या माईकात. तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून."

"मला... आई, मी शब्द नव्हतो ऐकत. टायमिंग बघत होतो. अर्थाकडे लक्ष गेलं की हात चुकतो." जमिनीकडे पाहत म्हणाला, "आता रोज बसेन मी. खरंच."

लहानपणी पाटी फोडली की असाच उभा राहायचा, एक पाय दुसऱ्यावर ठेवून. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी सिंधूबाई आहे, पोटातलं ओठावर येऊ देत नाही.

"बसशील," मी म्हटलं. "चार दिवस बसशील, मग नाताळाचं काहीतरी आणून गॅरेजात घालशील. तू वाईट नाहीस, प्रणय. तुझा बापही असाच होता, साऱ्या वस्तीचे रेडिओ बोलते केले अन् घरात मुका राहिला. मी त्याच्यासोबत निभावलं कारण दाराबाहेर माणसं होती. इथे दाराबाहेर तू हाडं बसवलीस. ती छान बोलतात, त्यात तुझा हात कोणी धरणार नाही. पण जे तुला मी भाकरी वाढताना सांगायला पाहिजे होतं, ते मला प्लास्टिकच्या जबड्यातून सांगावं लागलं, अन् तेही दुसऱ्याच्या लेकराला आधी ऐकू आलं. आता पहिले त्या पोरीला आत आण, गवत ओलं आहे. मग माझं तिकीट काढ."