राजदूतबाईंचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. लोणावळ्याच्या एका बंगल्यात, पांढऱ्या चादरीखाली मी उभे असते. पावसाळ्यात इथे धुके थेट घरात शिरते आणि माझ्या लाकडाला ओल येते. चादर काढलीत तर माझ्यावर तुम्हाला चहाच्या पेल्यांची वर्तुळे दिसतील, एका कडेला चाकूचा ओरखडा दिसेल. तरीही मी एके काळी मोठ्या थाटात जगलेले टेबल आहे. ऐकाल का माझी गोष्ट?

माझा जन्म इथल्याच बाजारपेठेमागच्या गल्लीत, युनूसभाईंच्या दुकानात झाला. पाडलेल्या एका जुन्या घराचे सागवान त्यांनी आणले होते. ते रंध्याने तासताना युनूसभाई स्वतःशीच गुणगुणत. मला पॉलिश करून झाले आणि दुकानाच्या दारात एक तरुणी आपल्या वडिलांना घेऊन आली. तिचे नाव यशोधरा. जवळच्याच वडिवळे गावच्या जानूआबांची ही एकुलती एक मुलगी परराष्ट्र खात्यात अधिकारी म्हणून निवडली गेली होती. आता परदेशी जाताना घरच्या मातीतले काहीतरी बरोबर असावे, म्हणून तिने मला करून घेतले होते.

जानूआबांनी माझ्यावरून हात फिरवला. भाताच्या खाचरात राबलेला तो हात चांगलाच खरखरीत होता.

"येवढं मोटं टेबल कशापायी गं? तू तर एकलीच जेवनार."

"आबा, लोकांना जेवायला बोलवणं हेच माझं काम आहे," ती हसून म्हणाली.

"मंग लय चांगलं काम हाय," आबा म्हणाले. ते थट्टेने बोलत नव्हते. माणसांना जेवू घालणे ही त्यांच्या दृष्टीने मोठीच नोकरी होती.

मित्रांनो, त्यानंतर मी जहाजातून किती देश फिरले! माझ्यावर कडक इस्त्रीची कापडे अंथरली गेली, चांदीचे काटे-चमचे मांडले गेले. मंत्री, सेनापती, उद्योगपती आणि त्यांच्या हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या बायका माझ्याभोवती बसल्या. यशोधराबाई हळूहळू मोठ्या पदांवर गेल्या आणि शेवटी राजदूत झाल्या. कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचे, कोणता विषय भाताबरोबर काढायचा आणि कोणता फळे येईपर्यंत राखून ठेवायचा, हे त्यांना नेमके कळे.

एकदा आपले काही खलाशी एका परक्या बंदरात अडकून पडले होते. जहाजाचा मालक आणि बंदराचा प्रमुख एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, आणि जहाजावर तर पाण्याचीही टंचाई झाली होती. बाईंनी दोघांनाही जेवायला बोलावले, पण दुसराही येणार आहे हे एकालाही सांगितले नाही. दोघे शेजारी शेजारी बसले, रागाने लाल झाले. तेवढ्यात वाफाळता इंद्रायणी भात आला. त्या वासाने बंदरप्रमुखाने मान वर केली. "हा कुठला तांदूळ?" त्याने विचारले. बाईंनी आपल्या आईच्या खाचराची गोष्ट सुरू केली. मग तो आपल्या आईबद्दल बोलला. मग मालकही बोलला. ताटे उचलली गेली तेव्हा खलाशांना घरी पाठवायचे ठरले होते. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुलली होती.

पण पाहुणे गेले की बाई माझ्या कोपऱ्यावर एकट्याच बसत आणि वडिवळ्याला फोन लावत.

"आई, जेवलीस का?"

पलीकडून सरूबाईंचा आवाज येई. "व्हय, जेवले. तू कवा येतीस?"

"पुढच्या वर्षी नक्की."

मित्रांनो, हे पुढचे वर्ष मी फार वेळा ऐकले.

एका मेजवानीच्या मध्यावर सचिवाने बाईंच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. जानूआबा गेले होते. बाईंच्या एका बाजूला त्या देशाचे मंत्री होते, दुसऱ्या बाजूला त्यांची पत्नी. बाईंनी चिठ्ठी घडी करून रुमालाखाली सारली आणि मंत्र्यांच्या विनोदाला हसून दाद दिली. कापडाखाली मात्र त्यांच्या हाताने माझी कड इतकी घट्ट धरली होती, की मला वाटले माझे लाकूड तडकणार. फळे संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. त्या वडिवळ्याला पोचल्या तेव्हा आबांचे सगळे विधी आटोपले होते.

निवृत्त झाल्यावर बाई मला घेऊन लोणावळ्याला आल्या. या बंगल्यात त्यांनी आईलाही आणले. मला वाटले, आता या दोघी रोज माझ्याजवळ बसतील. पण बाईंच्या मनात एक वेगळीच इच्छा होती. जगभर देशाच्या वतीने बोलले, आता आपल्या मावळ तालुक्याच्या वतीने विधानसभेत बोलायचे, असे त्यांनी ठरवले होते. ही इच्छा खोटी नव्हती. टाकव्यासारख्या गावात जाऊन आल्या की तिथल्या दवाखान्याबद्दल, बायकांच्या पाण्यासाठीच्या पायपिटीबद्दल त्या तळमळीने बोलत.

मग माझ्यावरची चांदी गेली आणि पोह्यांच्या बश्या आल्या. एका पक्षाचे तालुक्यातले पुढारी राजेंद्रराव रोज येत. "मॅडम, तुमची भाषा फार पुस्तकी आहे," ते सांगत. "गावात 'मी आपली ऋणी आहे' म्हणून चालत नाही." बाई मग आरशासमोर 'आमी', 'तुमी' म्हणून पाहत आणि ते ऐकून सरूबाई पदर तोंडाला लावून हसत.

सकाळी निघालेल्या बाई फार उशिरा परतत. सरूबाई माझ्यावर सूप ठेवून तांदूळ निवडत बसत आणि दर गाडीच्या आवाजाला फाटकाकडे पाहत. एक दिवस त्या म्हणाल्या, "यशे, परदेशात व्हतीस तवा निदान फोन तरी करायचीस."

बाई जागच्या जागी थांबल्या. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि त्या गेल्या.

आबांची पुण्यतिथी जवळ आली. वडिवळ्याच्या बुद्धविहारात वंदना ठेवली होती आणि बाईंनी येण्याचा शब्द दिला होता. आदल्या दिवशी राजेंद्ररावांचा फोन आला. पक्षाचे मोठे नेते मुंबईहून येत होते, त्याच दुपारी, याच बंगल्यात जेवायला. उमेदवारीचा निर्णय तिथेच व्हायचा होता.

"आई..." बाईंनी सुरुवात केली.

"मला कळतंय गं," सरूबाई म्हणाल्या. "मी जाते माजी माजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पांढरे लुगडे नेसून, फुलांची पिशवी घेऊन एकट्याच स्टेशनकडे निघाल्या. दुपारी नेते आले, पोटभर जेवले, आणि बाईंना तिकीट मिळाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या. कापडाखाली त्यांचा हात पुन्हा माझ्या कडेवर आला होता, हे फक्त मला ठाऊक आहे.

निवडणूक झाली आणि बाई हरल्या. मित्रांनो, पराभव झालेल्या घराची शांतता तुम्ही कधी पाहिली आहे का? फोन वाजत नाही. पोहे लागत नाहीत. राजेंद्ररावही दिसेनासे झाले. बाई माझ्यासमोर बसून नुसत्याच माझ्या कडेवरून बोट फिरवत राहत.

अशाच एका सकाळी वडिवळ्याचे अंबाजी आले. ते आबांच्या शेजारच्या शेताचे मालक. दारातच घुटमळत होते, बाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "आपल्या गावानं तुमाला भरून मतं दिली. मावशीला न्हाई कोन म्हननार?"

"कोणती मावशी?"

"आपली सरूमावशी! आबांच्या वंदनेला आली, तवा विहारात हात जोडून हुबी ऱ्हायली. म्हनली, माजी लेक आली न्हाई म्हनून राग धरू नका. ती तुमच्याच कामात हाय. मंग तुमच्यासाटी मतं मागत घरोघर फिरली. पाय सुजले व्हते, तरी फिरली."

बाईंनी मागे वळून पाहिले. सरूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आई, मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुटं?"

बाई उठल्या. त्यांनी आईला आणून माझ्याजवळच्या खुर्चीवर बसवले, खाली बसून तिचे पाय मांडीवर घेतले आणि मोठमोठ्याने रडल्या. आबा गेल्याच्या दिवशी माझ्याजवळ जे रडायचे राहिले होते, तेही त्यात होते. अंबाजी घाईघाईने अंगणात जाऊन उभे राहिले.

"रडू नगं," सरूबाई म्हणाल्या. "पुन्ना हुबी ऱ्हा. पन आदी जेव. आन माज्यासंगं जेव."

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ. दोन ताटे, वांग्याची भाजी, भात. कोणी मंत्री नाही, कोणी नेता नाही. दोघी खूप बोलत. कधी काहीच बोलत नसत, तेही मला आवडे.

पुढच्या भातलावणीच्या दिवसांत सरूबाई गेल्या. बाई त्या वेळी जवळच होत्या, आईचा हात त्यांच्या हातात होता.

आता बाई वडिवळ्याला आई-आबांच्या छोट्या घरात राहतात. तिथे मी मावत नाही. बंगला सांभाळणारी शालन मला पुसते, अधूनमधून तेलाचा हात देते. मित्रांनो, लाकडाला एवढे पुरते. माणसांना पुरत नाही. तुमच्या घरी कोणी ताट वाढून तुमची वाट पाहत असेल, तर पुढच्या वर्षीवर टाकू नका. त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि जेवलीस का, असे समोर बसून विचारा.

शालनला बाजारात सगळे विचारतात, "बाई पुन्हा उभ्या राहणार का?" ती सांगते, "राहतील की." ऐकून मला बरे वाटते. उभ्या राहाव्यात, जिंकूनही याव्यात. पण मी पडले जेवणाचे टेबल. मला आपले वाटते, बाईंनी एकदा इथे यावे, ही चादर काढावी आणि घटकाभर नुसते बसावे.