रजईतलं पातेलं

सासूबाईंच्या घरात काही म्हणून वाया जात नसे. चादर मधोमध झिजली की त्या ती उभी कापत आणि मजबूत कडा मध्ये घेऊन पुन्हा शिवत. झाली आणखी चार वर्षांची सोय. साबणाचे उरलेसुरले पातळ तुकडे जुन्या मोज्यात बांधून न्हाणीत टांगलेले. आणि ओट्याखाली तो खोका. लाकडी, आत जुन्या रजईचे थर. भाताला पाचेक मिनिटं उकळी आली की गॅस बंद, पातेलं खोक्यात, वर जाड उशी. पुढे तासभर भात आपला आपण शिजायचा.

नव्या सुनेला या सगळ्याचा मनातून संकोच वाटे. त्यात आज तिचे बाबा पहिल्यांदाच जेवायला येणार होते. बाबा खानावळीत आचारी. उभा जन्म चुलीपुढे गेलेला. आपली लेक चिक्कू माणसांत पडली असं त्यांना वाटलं तर? सकाळपासून तिला चैन नव्हतं.

सासूबाई लिंबं आणायला गेल्या तशी तिने हळूच उशी उचलली. भात अर्धाकच्चा. पातेलं काढून तिने गॅसवर चढवलं, ज्योत मोठी केली आणि टेबल पुसायला गेली. पण खोक्यातून वाफ जात नाही, म्हणून सासूबाई पाणी मुळातच कमी घालत. हे तिला कुठलं ठाऊक! करपल्याचा वास सुटला तेव्हा सासूबाई दारातच होत्या.

त्या रागावल्या नाहीत. वरवरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढला, कढत पाणी घातलं, एक उकळी आणली, वास ओढून घ्यायला वर पावाचा तुकडा ठेवला आणि पातेलं पुन्हा खोक्यात.

"आता डोकावू नकोस हं बाळा," एवढंच म्हणाल्या. "रुसतो तो."

बाबा आले. आचाऱ्याचं नाक ते, आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, काय लागलं खाली? आज माझ्याच हातून ज्योत मोठी राहिली, असं सासूबाईंनी हसत सांगून टाकलं. पानं वाढली, तशी सुनेने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"बाबा, भात मी करपवला. माझा त्या खोक्यावर विश्वास नव्हता."

बाबांनी ताटातला भात बोटांनी मोकळा करून पाहिला. शीत न् शीत वेगळं. मग उठले, ओट्याखाली वाकले आणि रजईत हात घातला. आत अजून ऊब होती. आता चिमटा काढणार, असं लेकीला वाटलं.

"चाळीस वर्षं चुलीतली देवाची ऊब छपराकडे पळताना पाहतोय मी," ते म्हणाले. "विहीणबाई, तुम्ही तिला घरात बसवून घेतलंत."

सासूबाई लाजल्या. मी कसली बसवते, नुसतं दार लावते, म्हणाल्या.

निघताना बाबांनी सुतळीने खोक्याची लांबीरुंदी मोजून घेतली. ते गेल्यावर सून सासूबाईंच्या शेजारी बसून एक विटका स्वेटर उसवू लागली. बाबांच्या खोक्याची उशी तिला स्वतःच्या हाताने भरायची होती.